तीन बोटं तोंडात जातात का?

यवतमाळ जिल्ह्यात पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा, आणि मग कुणीतरी खिशातली पन्नी काढून पुढे करतं. सोयरीक जुळवायची असो, मयतीला जायचं असो, तहसीलच्या पायरीवर ताटकळायचं असो, खर्रा सोबत असतोच. भरडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन लाकडी पाटावर घोट घोट घोटायचं, की झाला खर्रा. पश्चिम महाराष्ट्रात त्याला मावा म्हणतात. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले, बिडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के. म्हणजे आपल्याकडचा तंबाखूचा प्रश्न चघळण्याचा आहे आणि त्याचं बिल तोंडाला भरावं लागतं. 2022 मध्ये देशात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण निघाले आणि 80 हजारांच्या आसपास माणसं त्याने गेली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

‘सोडा’ हा सल्ला सगळे देतात. ज्याला तो देतात त्याची बाजू मात्र फारशी कुणी ऐकून घेत नाही. म्हणून इथे दोन आवाज समोरासमोर बसवले आहेत. मामा कोरडवाहू कास्तकार, तरुणपणापासून खर्रा खाणारे. भाची दातांची डॉक्टर. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांचा वाद या जिल्ह्यात घराघरांत चालतो.

भाची : मामा, शर्टाच्या खिशात पन्नी दिसतेय. आजची कितवी?

मामा : दुसरी. अन् तू आता सुरू होशीन, हे मले ठाऊक होतं. पाय पोरी, हे सगळं आयकून झालं माह्यं. पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असते, सिनेमाच्या आधी तेच दाखवते. माह्या बापानं ऐंशी वर्षं तंबाखू-चुना खाल्ला. काही झालं नाही त्याले.

भाची : आजोबा जगले, हे खरं. पण त्यांच्या बरोबरीचे तंबाखू खाणारे किती जण साठीच्या आत गेले, ते आपण कधी मोजलं नाही. जगलेला माणूस ओट्यावर बसलेला दिसतो, गेलेला दिसत नाही. आणि आजोबा जे खायचे ते वेगळं होतं. ते दिवसातून चार वेळा चिमूटभर तंबाखू मळून लावायचे आणि थुंकायचे. तुमच्या पन्नीत निम्म्याहून जास्त सुपारी आहे, आणि ती तासन् तास गालात राहते.

मामा : सुपारी त देवापुढं ठेवतो आपण. लग्नात विडा देतो. दोष असन त तंबाखूत असन, सुपारीत काय हाय?

भाची : हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. तंबाखू नको म्हणून साधी सुपारी चघळणारे मास्तर माझ्याकडे येतात. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही माणसात कर्करोग करते, असं जाहीर केलं. तंबाखूच्याच पंक्तीत बसवलं तिला. देवापुढची सुपारी देवापुढेच राहू द्या, तिला माझी हरकत नाही. ती गालात ठेवली की काय होतं ते सांगते. सुपारीतल्या अरेकोलीन नावाच्या द्रव्याने गालाच्या अस्तराखाली चिवट धागे तयार होत जातात. शरीर ते एरवी मोडून टाकतं, पण सुपारीमुळे मोडणं कमी होतं आणि जमणं वाढतं. सुपारीत तांबं असतं, त्यानं ते धागे आणखी घट्ट होतात. गाल आतून पांढरा पडतो, ताठ होतो, आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी 1953 मध्येच या आजाराचं वर्णन करून ठेवलंय. आज तो मला विशीतल्या पोरांत दिसतो.

मामा : अन् चुना?

भाची : चुन्यानं तोंडातल्या लाळेचा गुण बदलतो, त्यामुळे तंबाखूतलं निकोटिन झपाट्यानं रक्तात जातं. तुम्हाला जी झटकन तरतरी येते ना, ती चुन्यामुळे. शिवाय तो अस्तर सोलून काढतो, म्हणजे तंबाखूतल्या विषारी द्रव्यांना आत शिरायला वाट मिळते. तिन्ही गोष्टी एकमेकींना मदत करतात. आणि तुम्ही पुडी नेहमी एकाच बाजूला ठेवता. आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खाचेत सुरू होतो, जिथे पुडी मुरवत ठेवतात तिथेच. बरं, हात धुऊन या. तर्जनी, मधलं आणि अनामिका, तिन्ही बोटं एकावर एक धरून उभी करा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला.

मामांनी बोटं उभी केली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. त्यांनी जबडा ताणून पाहिला, मान मागे टाकून पाहिलं, तरी ते आत गेलं नाही.

मामा : हे वयानं असन.

भाची : मामा, वयानं गुडघा धरतो, जबडा असा धरत नाही. मामींनाही घालून पाहायला सांगा.

मामी (आतून) : माह्यी तीनही जातात. अन् डॉक्टरीणबाई, यायले इचार, ठेचा काहून खात नाहीत. पोळ्यापासून ठेचा बंद हाय. तोंड जळते म्हने. वरणात भाकर कुस्करून खातात.

ठेचा सोसेनासा होणं ही विदर्भात लगेच ध्यानात यावी अशी खूण आहे. तरी लोक ती आम्लपित्ताच्या नाहीतर उष्णतेच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. तिखट लागून तोंडाची आग होणं हे जोशींनी वर्णिलेल्या त्याच आजाराचं पहिलं लक्षण असतं, तोंड आवळत जाणं हे पुढचं.

मामा : म्हन्जे मले कॅन्सर झाला का?

भाची : नाही, तसं मी म्हणत नाही. गाल ताठ होणं म्हणजे कर्करोग नव्हे, पण कर्करोगाला तयार झालेली जमीन आहे. केरळात एर्नाकुलमला असे 66 रुग्ण 17 वर्षं नजरेखाली ठेवले होते, त्यातल्या 5 जणांना कर्करोग झाला. म्हणजे बहुतेकांना नाही झाला. पण तुम्ही खर्रा चालू ठेवलात तर त्या पाचांत तुम्ही नसाल, हे कुणी सांगू शकणार नाही. आणि ताठ झालेला गाल पुरता मऊ होत नाही, आज सोडलं तरी. मात्र आणखी ताठ होणं थांबवता येतं.

मामा : आता माह्यं आयक. तू दवाखान्यात बसते, तुले माणूस खुर्चीवर दिसते. मले तो वावरात दिसते. वेचणीच्या दिवसात सकाळी सातले बाया येतात. घरून कोरा चहा पिऊन आलेल्या असतात. दुपारी बारा-एकपर्यंत पोटात काही नाही. तंबाखू लावली की भूक मरते. किलोवर मजुरी हाय, जेवाले बसली की तेवढा कापूस बुडाला. गडीमाणसं डवरणीले, फवारणीले येतात, त मजुरीचा भाव ठरवतानाच इचारतात, मालक, खर्रा कित्ती? दोन देल्ले त येतात, नाही देल्ले त शेजारच्या वावरात जातात. मी उद्या खर्रा बंद केला अन् पऱ्हाटीवरचा कापूस अवकाळीत भिजला, तर तू भरून देशीन?

भाची : नाही देऊ शकणार.

मामा : मंग? तुमी म्हनता ‘सवय’. जसं काही माणूस रिकामा बसून नाद करून घेते. हे सवय नाही, हे मजुरीचा हिस्सा हाय. एकट्यानं सोडून होत नाही.

इथे मामांचं पारडं जड आहे, आणि ते तसंच राहू द्यायला हवं. तोंडाच्या कर्करोगावरची बहुतेक माहितीपत्रकं माणसाच्या निश्चयाला हाक घालतात. ज्या शिवारात खर्रा मजुरीच्या बोलीत ठरतो, तिथे निश्चय करणाऱ्याला दिवसभर सगळ्यांविरुद्ध उभं राहावं लागतं. भाचीनं हे कबूल केलं, पण ती तिथे थांबली नाही.

भाची : हिस्सा आहे हे मान्य. मग हिस्सा रोख द्या. खर्र्याचा भाव काय चाललाय?

मामा : तीस धर.

भाची : तुमचे स्वतःचे दिवसाला तीन. नव्वद रुपये. वर्षाचे 32 हजार 850. 2024-25 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता. चार क्विंटलांहून जास्त कापूस तुम्ही वर्षाकाठी गालात घालून थुंकलात. आपल्या कोरडवाहू वावरात एकरी किती पिकतो?

मामा : बरं साल असलं त पाच. नाहीतर तीन-चार.

भाची : म्हणजे एक एकर. बियाणं, खत, निंदण, फवारणी, वेचणी, सगळं करून एक एकर टपरीवर. आणि मजुरांना दोन-दोन खर्रे, म्हणजे माणशी साठ रुपये. ते साठ रुपये त्या मजुराच्या हातावर ठेवा. त्याला खर्राच घ्यायचा असेल तर तो घेईल, पण मग ते त्याचे पैसे असतील. मालकानं फुकट दिलेली पन्नी कुणी नाकारत नाही. स्वतःच्या साठ रुपयांचा माणूस विचार करतो.

मामा : हे बोलायले ठीक हाय. एकट्यानं केलं त गाव हासन.

भाची : म्हणून एकट्यानं करू नका. वेचणीच्या आधी गावात भाव ठरतोच ना? तेव्हाच ठरवा की या साली खर्रा नाही, पैसे. गडचिरोलीत डॉ. अभय बंगांच्या ‘सर्च’नं आणि सरकारनं मिळून 2016 पासून ‘मुक्तिपथ’ चालवलंय, ते गावानं गावासाठी ठराव करण्यावरच उभं आहे. तिथंही खर्राच होता. आणि वेचणीला दहा वाजता फुटाणे-गूळ किंवा उकडलेल्या शेंगा धुऱ्यावर न्या. भूक मारायला तंबाखू लागते ना? मग भूकच भागवा.

मामी : ते मी देईन करून. पन दहा वाजता बाया थांबल्या पाह्यजे.

मामा : सरकारनं बंदी केली म्हनते ना? मंग टपऱ्या चालू कशा?

भाची : 2012 च्या जुलैत राज्यानं गुटख्यावर बंदी घातली, त्यानंतरच्या आदेशांत खर्रा-मावाही आला. 2003 च्या केंद्राच्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांत विकायची नाही. पण गुटखा कारखान्यात तयार होतो, तिथे धाड घालता येते. खर्रा टपरीवर बसून हातानं घोटतात. साधी सुपारी विकणं गुन्हा नाही, चुना विकणं गुन्हा नाही. घोटून पन्नीत बांधला की गुन्हा. तो गल्लोगल्ली कोण पकडणार?

मामा : अन् पकडून काय करन? आपल्या चौकातला टपरीवाला माह्या चुलतभावाचाच पोरगा हाय. दीड एकर वावर. ते टपरी गेली त तो पुण्याले जाईन वॉचमन म्हून. तू त्याच्या पोटावर पाय देते.

भाची : त्याची टपरी जाळा असं मी म्हणत नाहीये. चहा, चिवडा, मोबाइलचं रिचार्ज, तो विकतोच आहे. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती तुम्ही सांगितलीत तर तो ऐकेल. शाळेच्या पोरांना गोड सुपारीची पुडी द्यायची नाही. पोरं खर्र्यापासून सुरू करत नाहीत. रंगीत पुडीतल्या गोड सुपारीपासून सुरू करतात, नववी-दहावीत खर्र्यावर येतात, आणि पंचविशीत माझ्यासमोर अडकलेलं तोंड घेऊन बसतात. तुमचं तोंड आवळायला पंचवीस-तीस वर्षं लागली. त्यांचं चार-पाच वर्षांतच आवळायला लागतं, कारण सुरुवातच सुपारीनं होते.

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांचा धाकटा नववीत आहे.

मामा : तोंडाचंच एवढं काहून लावलं तू? या जिल्ह्यात 2017 ले फवारणी करता करता वीसच्या वर लोकं मेले. औषधाचा वास घेऊन घेऊन. ते कोनी बंद करत नाही. खर्रा दिसते तुमाले.

भाची : ते कुणी विसरलेलं नाही, मामा. पण त्याच फवारणीच्या वेळी काय होतं ते आठवा. पंप पाठीवर, हाताला औषध लागलेलं, पाण्याचा डबा दूर. आणि तल्लफ आली की तोच हात पन्नीत आणि पन्नीतून गालात. औषधाच्या प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं, फवारताना खाऊ-पिऊ नका. खर्रा खाणं म्हणजे खाणंच, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. गालाच्या अस्तरातून निकोटिन जर काही मिनिटांत आत जातं, तर ते औषध बाहेर थांबेल का? फवारणीच्या दिवशी तरी पन्नी घरी राहू द्या. एवढं ऐकलंत तरी मला पुष्कळ झालं.

मामा : हे मातर पटलं.

फवारणीचा मुद्दा पटणं सोपं आहे, कारण त्याचं भय या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलंय. कर्करोगाचं भय तसं दिसत नाही. तो हळू येतो आणि जवळजवळ आवाज न करता येतो. सुरुवातीचा व्रण दुखत नाही, म्हणूनच तो महिनोन् महिने राहतो. दुखेल तेव्हा दाखवू, असं म्हणणाऱ्या माणसाचा सगळ्यात मोलाचा काळ त्यातच जातो.

मामी : मले एक सांग. मी खर्रा खात नाही. पन दाढ ठणकली का तंबाखूचं मंजन लावते. लगेच थांबते.

भाची : मामी, त्यानं दाढ बधिर होते, कीड चालूच राहते. आणि तंबाखू हिरडीवर घासली काय, गालात ठेवली काय, तोंडाला सारखीच. बायकांना वाटतं हे व्यसन नव्हे, औषध आहे. दिवसातून किती वेळा लावता?

मामी : सकाळी. अन् दुपारी भांडी झाली का. अन् झोपतानी.

भाची : म्हणजे मामांपेक्षा कमी नाही. ती दाढ मी काढून देते किंवा भरून देते, मग मंजनाचं कारणच उरणार नाही. टोकदार दात जिभेला किंवा गालाला घासत असेल तर तोही गुळगुळीत करून घ्यायचा. त्यानं रोज जखम होते आणि तिच्याआड खरा व्रण लपून राहतो.

मामा : बरं, मी सोडतो म्हनलं. धर म्हनलं. सकाळी त खर्रा खाल्ल्याबिगर पोट साफ होत नाही. डोकं दुखते. चिडचिड होते. हे घर मले ठेवन का?

मामी : ठेवते मी.

भाची : पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात. निकोटिन रक्तातून उतरतं तेव्हा डोकं दुखतं, झोप मोडते, राग येतो, पोट अडतं. दोन-तीन आठवड्यांत ते निवळतं. तल्लफ येते तेव्हा वाटतं की ती संपणारच नाही, पण ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, उठून गोठ्यात जा, भाजलेली जवस आणि तीळ चघळा, बडीशेप चघळा. सुपारी घातलेली बडीशेप मात्र नाही, ती तर पुन्हा तेच. पोटासाठी सकाळी कोमट पाणी आणि वावरापर्यंत पायी चाल. हळूहळू पोट स्वतःच्या वेळेवर येईल. निकोटिनची गोळी मिळते चघळायची, पण ती चुइंगमसारखी चावत सुटायची नसते. थोडी चावायची, चुरचुरली की गालात ठेवायची, पुन्हा थोडी चावायची. तुमचं तोंड कमी उघडतं, म्हणून चावणं जड गेलं तर अंगाला लावायची पट्टी असते. ती डॉक्टरांना विचारून. आणि 1800-11-2356 हा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. तुम्ही ज्या पुडीवरचा फोटो पाहायचं टाळता, तिच्यावरच छापलेला असतो.

मामा : एकदम सोडू का हळूहळू?

भाची : दिवस ठरवून एकदम. ‘हळूहळू’ म्हणणारे तीनाचे दोन करतात, आणि बोंडअळी पडली की पुन्हा चार. फक्त वेचणी संपण्याची वाट पाहू नका. वेचणी संपली की लग्नसराई, लग्नसराई संपली की पेरणी. असा मोकळा दिवस कास्तकाराच्या वर्षात नसतो. आणि बाजाराच्या दिवशी घेता ती दारू. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. ते दोन्ही एकाच दिवशी बंद झालं तर उत्तम.

मामा : सोडून फायदा होतेच, कशावरून? तीस वर्षांचं इष खाऊन बसलो.

भाची : टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 पासून तीन जिल्ह्यांतल्या 36 हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत हेच तपासलं. गावात जाऊन समजावलं, पाठपुरावा केला. ज्यांनी सोडली किंवा पुष्कळ कमी केली, त्यांच्या तोंडात कर्करोगाच्या आधी येणारे पांढरे चट्टे उठण्याचं प्रमाण खाली आलं. तेही तुमच्यासारखेच वर्षानुवर्षं तंबाखू घेणारे होते. भाजीपाला, पेरू, बोरं, संत्री खाणाऱ्यांना हा आजार कमी होतो हेही दिसलंय, पण खर्रा खाऊन वरून संत्रं खाल्लं तर ते खर्र्याचं विष धुऊन नेत नाही.

मामा : अन् झालाच असन त?

भाची : मग तो लवकर सापडला पाहिजे. महिन्यातून एकदा, तोंड धुतल्यावर, उजेडात आरसा घ्या. ओठ उलटे करून पाहा, दोन्ही गाल बोटानं बाजूला ओढून पाहा, हिरडी आणि गालाच्या मधली खाच पाहा, जीभ वर करून तिच्याखाली आणि दोन्ही कडांना पाहा, टाळू पाहा. पुसून न जाणारा पांढरा डाग, मखमलीसारखा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, उगाच हलायला लागलेला दात, मानेत गाठ, ओठाला बधिरपणा. यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायचं. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त घातक. आणि मानेवर बोटं फिरवून पाहायला विसरू नका.

मामा : आशाताई आली होती फॉर्म घेऊन. तंबाखू खाता का, म्हने. मी नाही म्हनलं. सून समोर होती.

भाची : त्या फॉर्मचा सगळा उपयोगच त्या उत्तरावर आहे. तिशीच्या वरच्यांची तोंडतपासणी सरकारनं फुकट ठेवलीय, उपकेंद्रात होते. टॉर्च आणि लाकडी पट्टी, दुसरं काही लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमला आरोग्यसेवकांनी असंच घरोघर जाऊन तोंडं पाहिली. पंधरा वर्षांनी हिशेब केला, तर तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू 24 टक्क्यांनी कमी झाले होते. पुढच्या वेळी तिला खरं सांगा. सुनेला माहीत आहे.

मामा : पन तुकडा काढून तपासतात ना, त्यानं तो अंगभर पसरते. आमच्या गावातल्या एकाचं तसंच झालं. तुकडा काढला अन् चार महिन्यात गेला.

भाची : तो गेला, कारण तो मानेत गाठी आल्यावर दवाखान्यात पोचला होता. तुकडा काढल्यानं पसरत नाही. तुकडा न काढता मलम लावत बसल्यानं पसरतो. लहान असताना सापडला तर बहुतेक वेळा एका शस्त्रक्रियेत काम होतं, माणूस जेवतो, बोलतो, वावरात जातो. उशीर झाला की जबड्याचं हाड काढावं लागतं, वरून किरणं द्यावी लागतात, नळीनं जेवण द्यावं लागतं. यवतमाळला मेडिकल कॉलेज आहे, सेवाग्रामला आहे, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. गावोगाव खंजिरी वाजवून ज्यांनी आपल्या लोकांना व्यसन सोडा म्हणून सांगितलं, त्यांच्याच नावाच्या दारात इथले किती तरी जण उशिरा पोचतात, याचं मला फार वाईट वाटतं, मामा. उपचाराचा खर्च फुले जनआरोग्य योजनेत बसतो, पण नागपूरच्या खेपा, मोडलेली मजुरी, बुडालेला हंगाम, हे कुठल्या योजनेत बसत नाही.

मामा : मले तुकडा काढा लागन?

भाची : ते पाहिल्याशिवाय सांगणार नाही. डाग किंवा जखम असेल तर काढावा लागेल. दवाखान्यात या, मंगळवारी.

मामा : मंगळवारी आठोडी बाजार असते.

भाची : मग बाजाराच्या आधी या. बाजारात गेलात की दारू येते.

मामा : येतो. खर्र्याचं मी कबूल करत नाही अजून. फवारणीच्या दिवशी खाणार नाही, एवढं धर. अन् मजुराईले पैसे द्यायचं, ते दोन-चार कास्तकाराईशी बोलून पाहतो. पन वेचणीले ज्या बाया येतात, त्याईचं काय? त्या मंजन लावतात, त्याईच्या तोंडात कोन पाहन?

भाची : मी पाहीन. शनिवारी टॉर्च घेऊन येते. आशाताईंनाही बोलावते, म्हणजे त्यांचे फॉर्म तिथेच भरून होतील. एका बाईला पाच मिनिटं पुरतात.

मामा : पंधरा बाया हायेत. सव्वा तास. तेवढी मजुरी त्याईची बुडते.

मामी : मी त फुटाणे-गूळ घेऊन दहाले येणारच हाय. त्या खायले बसतील तवा पाय. अन् सव्वा तासाचे पैशे यायच्या खर्र्यातून दे.

मामा : बरं. शनिवारी दहाले.